अकराची सभा

कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या महिला संघटनेची मी अध्यक्षही होते. मालेगावजवळच्या एका गावात मी श्रावणात दर बुधवारी बायकांची सभा ठेवली. वेळ सकाळी अकराची, कारण बुधवारी माझे तास दहालाच संपायचे. मंदिरासमोर सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर मी आणि एक कुत्रं, बस्स.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बुधवारीही तेच झालं. मग मात्र माझं डोकं फिरलं. आपण यांच्यासाठी मरमर मरायचं आणि यांना काडीची पर्वा नाही, असं पुटपुटत मी तरातरा गावाबाहेर निघाले. पहिल्याच शेतात अर्ध्या गावच्या बायका ओळीनं वाकून सोयाबीन निंदत होत्या.

"सभेला का आला नाहीत?" मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहूनच ओरडले.

कोणीही उठलं नाही. कडेच्या म्हातारीनं हातातला विळा न थांबवता विचारलं, "मॅडम, तुमी कालेजात काय शिकवता?"

"समाजशास्त्र," मी म्हणाले. माझा आवाज आपोआप खाली आला. त्याच आठवड्यात मी वर्गात बायकांच्या शेतीकामावरचं प्रकरण शिकवलं होतं, आणि माझ्या मते चांगलं शिकवलं होतं.

"मंग इतकं मालूम नाही काय?" ती म्हणाली. "आमी साऱ्याजनी तं रोजच एका जागी जमतो. तुमीच येत नाही."