वळणावरचा ब्रेक

अकोल्याच्या कोर्टात तो ट्रक ड्रायव्हर मला एकदाच भेटला, साक्षीच्या पिंजऱ्यात. पातूरच्या घाटातल्या एका वळणावर त्याच्या ट्रकखाली माझ्या पक्षकाराचा पाय गेला होता, आणि ट्रक भरधाव होता हे मला सिद्ध करायचं होतं.

हा गडी मात्र लग्नाला आल्यासारखा निवांत. खांद्यावरचा रुमाल नीट करत म्हणाला, "मले काहून विचारता? डब्ब्याले विचारा."

डबा म्हणजे ट्रकमधला जीपीएस. त्याची नोंद मोठ्या विश्वासानं मीच मागवली होती. तिच्यात त्या वळणावर ट्रक बैलगाडीच्या चालीनं जाताना दिसत होता. अपघाताच्या दिवशीच नाही, दर खेपेला.

मी चिडून विचारलं, "तिथंच दर वेळी गाडी हळू का करता?"

"दर्गा हाय तिथं, वकीलसाहेब. सलाम केल्याबिगर आमी ड्रायव्हर लोक घाट उतरत नाई. डब्ब्याले सलाम दिसत नाई, त्याले निस्ता बिरेक दिसते."

मी खाली बसलो.

तो पिंजऱ्यातून उतरला. दाराशी कुबड्या घेऊन बसलेल्या माझ्या पक्षकारापुढं हळू झाला, सलामाला हात कपाळाशी नेला आणि मगच पायऱ्या उतरला.