संत्र्याच्या वासाची कॅरव्हॅन

शनिवार, सकाळचे साडेनऊ. जपानमधल्या नागोयाच्या बाहेर, हायवेला लागून असलेलं जुन्या गाड्यांचं आवार. ऑक्टोबर महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही.

आमच्या इथल्या चार मराठी घरांपैकी कुणी काही विकत घ्यायचं ठरवलं, की त्याचा किस्सा झालाच म्हणून समजा. फ्रिजचे आहेत, पियानोचा एक आहे. पण एकाच वस्तूवरून इतके किस्से फक्त त्या कॅरव्हॅनने दिले. जेवणानंतर कुणीतरी हटकून म्हणतं, "वहिनी, तो चुरमुऱ्यांचा सांगा ना!" मी सांगते. लोक हसतात. माझं मात्र अजूनही डोकं फिरतं.

कॅरव्हॅन हवी होती विद्या आणि प्रकाशला. प्रकाश गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. त्यांची मुग्धा सात वर्षांची, तिला दमा. डॉक्टर म्हणाले, सुट्टीत डोंगरात न्या, हवा चांगली असते. नेली, तर हॉटेलातल्या जुन्या तातामी चटयांच्या धुळीने पोर रात्रभर बसून राहिली. मग प्रकाशच्या डोक्यात आलं, आपलं घरच गाडीमागे जोडून न्यावं. स्वतःची गादी, स्वतःचा स्वयंपाक. एकच अट होती. आत ओल नको. ओल म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे मुग्धाचा श्वास.

मी पुण्यात एका दैनिकासाठी वीस वर्षं बातमीदारी केली आणि मग नवऱ्याच्या पोस्टिंगमागे इथे आले. विद्या म्हणाली, "ताई, तुम्ही चला. तुम्हाला भांडता येतं."

* * *

कॅरव्हॅन पाहताक्षणी आवडावी अशीच होती. पांढरीशुभ्र, आत नवा वॉलपेपर, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि आत संत्र्याचा असा घमघमाट, की डोळे चुरचुरावेत.

"किती फ्रेश वाटतंय!" प्रकाश म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, पुण्यात सरकारी हॉस्पिटलात फिनेलचा वास कधी यायचा माहितीय? मंत्री येणार असेल त्या दिवशी!"

"वहिनी, हे पुणे नाही. इथे लोक खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य प्रकाश त्या दोन दिवसांत इतक्या वेळा म्हणाला, की शेवटी शेवटी मुग्धाच त्याच्या आधी ते म्हणायला लागली.

* * *

डीलरचं नाव मोरी-सान. करड्या केसांचा, अतिशय नम्र माणूस. त्याने दारातच आमच्यापुढे मऊ जाड सपाता मांडल्या. घरात जाताना जसे बूट काढायचे, तसेच कॅरव्हॅनमध्येही.

सगळ्यांनी सपाता घातल्या. मला त्या कधीच जमत नाहीत, मी अनवाणीच चढले. बेडच्या कोपऱ्यापाशी गेले आणि पाय दचकला. गालिचा थंडगार. टाच दाबली, तर खालची फळी पावासारखी आत गेली.

"प्रकाश, सपाता काढ."

"वहिनी, बरं दिसत नाही ते. त्यांनी मुद्दाम दिल्यात."

"म्हणून तर म्हणतेय, काढ!"

त्याने नाही काढल्या. मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस, पण यजमानाने दिलेल्या सपाता काढायची हिंमत झाली नाही. मोरी-सानने स्वतः येऊन, गुडघे टेकून, माझ्या पायापाशी आणखी एक जोडी ठेवली. नेमकी त्या कोपऱ्यावर.

* * *

माझा नवरा सुधीर बाजारात नारळ निवडतो तशी भिंत वाजवत फिरत होता. वरती टणटण, खाली बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द.

मोरी-सानला वाटलं, आमच्याकडे गाडी घेताना असा काही शुभ रिवाज असावा. तोही अदबीने शेजारी उभा राहून भिंत वाजवायला लागला. फक्त वरच्या बाजूला!

* * *

दुभाषी म्हणून मुग्धा. आमच्या सगळ्यांचं जपानी मिळून जेवढं होतं, त्याहून तिचं एकटीचं जास्त. मी तिला म्हटलं, "विचार त्यांना, पाणी कुठून गळतं? आणि खोटं बोलू नका म्हणावं!"

मुग्धा हळू आवाजात बरंच बोलली. मध्ये दोनदा वाकली. मोरी-सान प्रसन्न हसले.

"काय विचारलंस गं?"

"मी विचारलं, पावसात गाडी बरी असते का."

"आणि खोटं बोलू नका, ते?"

"मावशी, ते जपानीत नाही म्हणत."

मोरी-सानने दातांमधून लांब श्वास आत ओढला आणि म्हणाले, "पाऊस म्हणजे... चॉत्तो..." आणि थांबले. आम्ही वाट पाहत राहिलो.

"पुढे?" विद्याने विचारलं.

"संपलं, आई."

"काय संपलं? 'पाऊस म्हणजे जरा' एवढंच म्हणाले ते!"

"हो. जरा म्हणाले की संपलं. पुढचं आपण समजून घ्यायचं."

मी प्रकाशकडे पाहिलं. तो पडद्यांची फुलं बघत होता.

* * *

विद्या मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "माझ्याकडे चुरमुरे आहेत." कोबेच्या दुकानातून पार्सलने मागवलेले, चिवड्यासाठी भाजून ठेवलेले. "एक डबा रात्रभर कॅरव्हॅनमध्ये उघडा ठेवू, एक माझ्या स्वयंपाकघरात. सकाळी बघू कुठले सादळतात ते."

वीस वर्षांत मी चौकशी समित्या पाहिल्या, तज्ज्ञांचे दौरे पाहिले. इतकी सरळ तपासणी कुणी सुचवलेली ऐकली नाही. दुपारी जाऊन डबा आत ठेवला. मुग्धाने मोरी-सानना सांगितलं, कृपया हा उद्यापर्यंत इथेच राहू द्या.

रविवारी सकाळी मोरी-सान दोन्ही हातांनी डबा घेऊन पुढे आले. घासूनपुसून लख्ख. आत तांदळाच्या पापडीसारखी सेंबे बिस्किटं गच्च भरलेली, वर कागदी रुमाल. सुधीरने एक तोंडात टाकलं. "एकदम कुरकुरीत!"

"पास!" प्रकाश ओरडला.

"अरे, पास काय? ही बिस्किटं आहेत!" विद्या रडकुंडीला आली. "माझे चुरमुरे कुठेत?"

मुग्धाने विचारलं. मोरी-सानने पुन्हा पुन्हा आभार मानले. भेट फार रुचकर होती, सगळ्या स्टाफने चहाबरोबर खाल्ली.

"पण डबा रात्रभर आत होता ना? विचार त्यांना!"

मुग्धाने विचारलं, ऐकलं, आणि आमच्याकडे वळून जसंच्या तसं सांगितलं, "ते म्हणतात, आत ठेवला असता तर रात्रीत मऊ पडले असते. म्हणून लगेच ऑफिसात आणून ठेवला."

मग प्रकाश म्हणाला, "बघा. किती काळजी घेतात!"

* * *

इथपर्यंत मीही हसत सांगते. पुढचं नाही.

ऑफिसात कागद मांडले होते. प्रकाशला घाई होती, बर्फ पडायच्या आत मुग्धाला डोंगर दाखवायचा होता. सुधीर मला म्हणाला, "तू पुरे कर आता. त्यांची गाडी, त्यांचा निर्णय." मी म्हटलं, "मुलगी कुणाची का असेना, छाती तिची आहे!" आम्ही दोघं आवारात उभं राहून चक्क भांडत होतो, तेवढ्यात विद्याने हाक मारली. तिला मुग्धा दिसत नव्हती.

मुग्धा कॅरव्हॅनमध्ये होती. तिने तिचा खालचा बेड निवडून ठेवला होता, आणि पडदे ओढून, खिडक्या लावून, घर-घर खेळत आत बसली होती. आम्ही दार उघडलं तेव्हा संत्र्याचा वास विरून गेला होता. बंद पडलेल्या तळघराचा वास येत होता. मुग्धा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. खांदे वरखाली होत होते. श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

विद्याने तिला उचलून बाहेर आणलं, पर्समधून पंप काढला. "हळू. हळू घे, बाळा. सोडू नकोस." एकदा. पुन्हा एकदा. हायवेवरून ट्रक जात होते आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा छातीकडे बघत उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शिट्टी बारीक झाली, मग थांबली. मुग्धा म्हणाली, "दायजोबु." मी बरी आहे.

किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रकाश आत गेला. सपाता न घालता, बूट घालूनच. कुणाला न विचारता त्याने बेडखालची फळी उघडायला घेतली. मोरी-सान मागून म्हणत होते, "प्रकाश-सान, जरा... जरा..." त्याने वाक्य संपू दिलं नाही.

नवीन फळी निघाली. मागचं लाकूड काळं पडलं होतं, बोटाने भुगा होत होता. आणि त्याच्यापुढे, ओळीने, कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे प्लास्टिकचे डबे. हवेतलं पाणी हळूहळू त्यांच्यात साठतं. सगळे काठोकाठ भरलेले.

"हे कुणी ठेवले?" प्रकाशने विचारलं, स्वतःच, जपानीत.

मोरी-सान वाकले. ऑफिसातली बाई बाहेर आली, तीही वाकली. कागद भरणारा माणूस आला, तोही. तिघं ओळीत वाकून उभे, आणि कुणी वर येईना. मी आयुष्यात अनेकांना उत्तर द्यायला भाग पाडलंय. वाकलेल्या माणसाला कसं भाग पाडायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही निघालो तरी ते वाकलेलेच होते.

पुढच्या शनिवारी मी एकटी परत गेले. कॅरव्हॅनची जागा रिकामी होती. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं,

"विकली?"

"हो. आपल्या कृपेने."

"कुणाला?"

"एक कुटुंब. मुलं फार खूश होती."

"त्यांना सांगितलंत?"

मोरी-सान वाकले.

मी फाटकाकडे वळले. तिथे त्या आठवड्याचा कचरा ठेवला होता, नियमाप्रमाणे वेगळा केलेला, पारदर्शक पिशव्यांमध्ये. पुठ्ठे एकीकडे, बाटल्या एकीकडे. आणि प्लास्टिकच्या पिशवीत, नीट घड्या घालून, ओल शोषणाऱ्या नव्या डब्यांची वेष्टनं.