दाजींच्या नावावर राहिलेलं वाक्य

लोकेंद्रने दाजींकडे येणं सोडलं ते माझ्या एका वाक्यामुळे. दाजींनी मात्र ते स्वतःचंच पाप मानलं, आणि मी त्यांना मानू दिलं. दाजींबद्दल लिहायचं तर आधी हे लिहायला हवं.

ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमला माझी कोचिंग आहे. नोकरीच्या मुलाखतीत कसं बसायचं, कसं हसायचं, उणिवा कशा झाकायच्या, हे मी शिकवतो. दाजी निवृत्त शिक्षक, माधवगंजात एकटे राहायचे. नात्यातले नव्हेत, पण आमच्याकडच्या निम्म्या मराठी घरांचे ते दाजीच. मुलांशी बोलायला मी त्यांना बोलावून घेतलं.

त्यांची रीत न्यारी. मुलगा समोर बसला की विचारायचे, “पूरे आए हो, कि आधे घर छोड़ आए?” मुलगा हसायचा. मग दाजी नुसते थांबायचे. इतकं गप्प बसू शकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकजण म्हणाला, राग फार येतो, तो काढून टाकायचाय. दाजी म्हणाले, “निकालोगे कहाँ? पहले बैठाओ तो उसे. सुनें, क्या कहता है.”

मी वैतागायचो. “दाजी, महिन्याभरात सुधारणा दिसायला हवी. पालक विचारतात.”

“सुधारून सुधारूनच निम्मा केलाय रे पोराला. शाळेनं घरची बोली काढून घेतली, बापानं रडणं काढून घेतलं. आता तू काय काढणार?”

लोकेंद्र ह्या मुलांपैकीच, बोलताना अडखळायचा. मी त्याला आरशासमोर उभं केलं, दीर्घ श्वास घ्यायला लावले. तो जास्तच अडखळू लागला. दाजींनी त्याला त्याच्या बोलीत आईबद्दल बोलायला सांगितलं. आई वारलेली. ती मराठी घरांतून भांडी घासायची, हे त्यानं कोचिंगमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं, दाजींना सांगितलं. पुढे तो अडखळायचा, पण मान खाली घालेनासा झाला. “अडखळू दे की,” दाजी म्हणायचे, “बोलतोय तर तोच ना!”

एका दुपारी तो दाजींपुढे बसलेला असताना मी आत गेलो. हिंदी माणसासमोर आपसातलं मराठीत उरकून घ्यायचं, ही आम्हा ग्वाल्हेरकरांची जुनी खोड. भाजीवाल्यापुढे करतो, डॉक्टरपुढे करतो. मी म्हणालो, “दाजी, ह्याच्यामागे किती दिवस घालवणार? ह्याच्यात मुळातच खोट आहे. बाहेर चांगली मुलं खोळंबलीत.”

दाजी सवयीनं गप्प राहिले. लोकेंद्र उठला, त्यांच्या पाया पडला आणि गेला. आईचा पदर धरून तो मराठी स्वयंपाकघरांतच वाढला होता. त्याला शब्द न् शब्द कळला होता.

“मीही तसंच समजतो, असं वाटलं असणार त्याला,” दाजी दुसऱ्या दिवशी म्हणाले. “तिथल्या तिथे बोलायला हवं होतं मी.” ते त्याच्या घरी जाऊन आले, तो बाहेर आला नाही. मग मला म्हणाले, “तू जा. माझं त्याला खरं वाटायचं नाही. ते तुझं मत होतं, माझं नव्हे, एवढं सांग.”

“जातो, दाजी,” मी म्हणालो. गेलो नाही. कामं होती, हे खोटं. लाज वाटत होती. दाजींनी कोचिंगला येणं बंद केलं. बाजारात भेटले की विचारायचे, “गेलास?” नंतर विचारणंही थांबलं.

आजारपणात त्यांना भेटायला गेलो, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “ऐकून घेणं तेवढं मला जमतं, असा ताठा होता रे. त्या ताठ्यानंच पोर घालवलं.” तेव्हाही मी नुसता त्यांचं पांघरूण सारखं करत बसलो. ह्या हिवाळ्यात ते गेले.

दिवसकार्य उरकलं तसा मी कंपू मोहल्ल्यात गेलो. लोकेंद्र तिथे औषधांच्या दुकानात असतो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी काउंटरवर वाकून हळूच मराठीत सुरुवात केली, “लोकेंद्र, दाजी गेले. त्या दिवशी मी जे...”

त्यानं हातातलं गोळ्यांचं पाकीट गिऱ्हाइकाला दिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“हिंदी में क-कहिए, सर. सब सुन लें.”

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी हिंदीत सांगितलं, की ते बोललो होतो मी. दाजींच्या मनात तसं कधीच नव्हतं. त्यांनी मला इथे पाठवलं होतं, आणि ते जिवंत असेपर्यंत मी आलो नाही.

“खोट मुझमें थी, भैया,” मी म्हणालो. “माफ़ कर दो.”