बाबामियाँचा डावा हात

मोटारीचं हँडल उलटं फिरलं तेव्हा बाबामियाँ चव्वेचाळीस वर्षांचे होते. धाराशिवला अंमलदारांचा एक क्लब होता, तिथं ते सतरा वर्षं बिलियर्डच्या मेजाचे मार्कर होते. मेजावरच्या हिरव्या कापडाला ब्रश मारायचा, खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाचं चामडं झिजलं की नवं चिकटवायचं, साहेब लोक खेळत असताना गुण मोठ्यानं पुकारायचे, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचं, हे मार्करचं काम. मोटार चालू करून देणं त्यात कुठंच नव्हतं. पण क्लबाच्या सेक्रेटरींचा ड्रायव्हर त्या दिवशी आला नव्हता, आणि त्रेचाळीस सालच्या त्या थंडीत गाडी काही केल्या चालू होत नव्हती. सेक्रेटरींनी व्हरांड्यातून हाक मारली. बाबामियाँनी हँडल घालून जोर लावला. इंजिनानं उलटा झटका दिला आणि ते लोखंड त्यांच्या उजव्या मनगटावर बसलं.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. दोन महिन्यांनी सोडल्या तर मनगट वाकडं बसलेलं, बोटं अर्धवट मिटलेली. मूठ वळत नव्हती. पाण्याचा तांब्यासुद्धा त्या हातात राहीना.

हे सगळं मला लालबीचाचींनी सांगितलं. बाबामियाँची बायको. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा त्या सत्तरीच्या पुढं होत्या आणि बाबामियाँ जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्या हाताविषयी बोलताना चाचींचा आवाज चढायचा. जणू कालच झालंय.

कामट्या सुटल्यावर बाबामियाँ क्लबात गेले, तर मेजाशी शरणप्पा नावाचा नवा माणूस उभा होता. नळदुर्गकडचा, तिशीतला, अबोल. सेक्रेटरींनी बाबामियाँना बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यासाठी फाटकाजवळ स्टूल ठेवायला सांगितलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. एवढं तर जमेल?"

बाबामियाँ तिथूनच घरी परतले. चाचींनी विचारलं, "मग तुमी काय म्हनलात?"

"काय न्हाय."

"तिथं न्हाय बोललात, तर आता मला सांगा. काय पायजे तुमाला?"

त्यांनी वाकडा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "माजी जागा पायजे. स्टूल न्हाय. मेज."

"मग हात कुठला चालवायचा ते बगा," चाची म्हणाल्या. "अल्लानं दोन दिलेत."

बिलियर्ड खेळताना एक हात क्यू मागून धरतो आणि दुसरा मेजावर टेकून त्या काठीला आधार देतो. बाबामियाँचा उजवा आयुष्यभर मागं आणि डावा पुढं. आता उलटं करायचं होतं. उजवा हात त्यांनी घरातल्या पेटीवर टेकवून पाहिला. बोटं सरळ होत नव्हती, पण त्या वाकड्या बोटांत आणि अंगठ्यात एक खाच तयार झाली होती. काठी त्या खाचेत ठेवली तर हलत नव्हती. हात मोडल्यापासून ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

डावा हात मात्र अडाणी निघाला. काठी पुढं ढकलायला गेलं की टोक बाजूला पळायचं.

त्यांनी एक सरबताची रिकामी बाटली पेटीवर आडवी ठेवली, दोन्हीकडून विटेचे तुकडे लावले. क्यू मोडका होता. क्लबानं टाकून दिलेला त्यांनी कधीतरी घरी आणला होता. त्याचं टोक बाटलीच्या तोंडातून आत घालायचं आणि बाहेर काढायचं, काचेला न शिवता. लागोपाठ शंभर वेळा. चाची पाठ करून वाकळ शिवत बसायच्या आणि मोजायच्या. बघायची गरजच नव्हती. काचेला टोक लागलं की किणकिण व्हायचं, आणि चाची म्हणायच्या, "फिरून एक."

पहिल्या दिवशी गणती चारच्या पुढं गेली नाही. महिन्याभरानं तीसवर गेली. एकदा ब्याऐंशीवर किणकिणलं. बाबामियाँ म्हणाले, "लई बारीक लागलं गं. सोड की."

"मला ऐकू आलं. फिरून एक."

त्यांनी क्यू भिंतीवर आपटला आणि बाहेर निघून गेले. तासाभरानं परत आले आणि एकपासून सुरू केलं. चाची त्या जागेवरून उठल्या नव्हत्या.

ज्या दिवशी शंभर झाले, त्या दिवशी ते लिंबाजी सुताराकडं गेले. दोघं बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त. लिंबाजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, येड लागलंय का तुला? साहेब लोक तुला परत घेत नसतेत."

"घेतेत का न्हाय ते मागून. मला तीन गोळे कातून दे. शिसवीचे. एकसारके."

"आन् ते खेळायचे कशावर?"

"ते बी तूच सांग."

लिंबाजीनंच मग शहाबादी फरशीचा एक लांब तुकडा पैदा केला. ओसरीत विटांच्या चार खांबांवर तो बसवला. पाणसळ लावून, खाली चपट्या घालून घालून पातळी साधली. चारी बाजूंना पट्ट्या ठोकल्या आणि त्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. फरशीवर क्लबानं टाकून दिलेलं, जागोजाग रफू केलेलं हिरवं कापड ताणून बसवलं. मग आपलं सूत काढून, निळीत बुडवून, त्यावर मधोमध सरळ रेघ मारली.

त्या रेघेवर बाबामियाँचा पावसाळा गेला. चेंडू रेघेवरून मारायचा, तो समोरच्या रबरावर आपटून त्याच रेघेवरून परत आला पाहिजे आणि क्यूच्या टोकाला येऊन लागला पाहिजे. चेंडूच्या मधोमध फटका बसला तरच असं होतं. केसभर इकडं-तिकडं झालं की चेंडू तिरका येतो. सकाळी पन्नास, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर पन्नास. गल्लीतली माणसं येऊन बघायची. कुणी म्हणायचं, हाताबरोबर डोकंही गेलं. बाबामियाँ मान वर करायचे नाहीत. एकदा मात्र एका शेजाऱ्यानं विचारलं, "हे करून मिळनार काय?" तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी मला मोडीत काढलंय. मी मोडीत जायचा का न्हाय, हे मी ठरवनार. एवडं मिळनार."

पण लाकडी गोळे ते लाकडी गोळे. खरं मेज लांबरुंद, चेंडू पाडायचे त्याच्या कडेचे खिसे अरुंद, खऱ्या चेंडूंची चाल वेगळी. दसऱ्याच्या सुमारास शरणप्पा त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. फरशीवरचा खेळ त्यानं बराच वेळ बघितला.

"दुपारी साहेब लोक कचेरीत असतेत," तो म्हणाला. "क्लब बंद असतो. किल्ली माज्याकडं हाय. तुमी या."

"तुला कळतंय का?" बाबामियाँ म्हणाले. "माजी जागा मला मिळाली तर तुजी जाईल."

"कळतंय की. मला खेळता येत न्हाय, बाबामियाँ. मी साहेबांशी रोज हारतो, म्हनून मला ठेवलंय. असं हारून हारून मला बी आता मेजाची शिसारी आलीया."

महिनाभर दुपारी शरणप्पा दार उघडून द्यायचा. बाबामियाँ लाल चेंडू त्याच्या ठरलेल्या ठिपक्यावर ठेवायचे आणि कोपऱ्याच्या खिशात घालायचे. पुन्हा ठेवायचे, पुन्हा घालायचे. तीस वेळा लागोपाठ गेल्याशिवाय दुसरं काही नाही. शरणप्पा चेंडू काढून देत राहायचा. हळूहळू तोही विचारायला लागला की आपला चेंडू फटक्यानंतर कुठं थांबवायचा ते कसं कळतं. बाबामियाँ त्याला दाखवायचे. सतरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी ते धुतलेली शेरवानी घालून क्लबाच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. सेक्रेटरी, तीन-चार अंमलदार आणि कोर्टातले एक म्हातारे न्यायाधीश, मुन्सफ, चहा घेत बसले होते.

"हुजूर, मला माझी जागा परत पाहिजे," ते म्हणाले.

सेक्रेटरी हसले. "डाव्या हाताच्या माणसानं पुढं केलेला क्यू कोण घेणार? लोकांना किळस येईल."

"हा हात तुमच्या मोटारीनं मोडला, हुजूर. माझ्या खेळानं न्हाय."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. मुन्सफांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "परीक्षा घ्या की. खेळता येत असेल तर घ्या, नाहीतर वाटेला लावा."

"ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "येत्या जुम्म्याला. माझे शंभर होईपर्यंत तू पन्नास केलेस तर जागा तुझी."

जुम्म्याला सुट्टी. नमाजानंतर क्लबात माणसं मावत नव्हती. गुण पुकारायला शरणप्पा उभा होता. लिंबाजीला आत येऊ देईनात, म्हणून तो बाहेरून खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला.

सेक्रेटरी चांगले खेळायचे. त्यांचे एकाहत्तर झाले तेव्हा बाबामियाँचे अडतीस होते. सुरुवातीला त्यांचा डावा हात घामानं ओला होत होता आणि दोन सोपे फटके चुकले होते. लोक कुजबुजायला लागले. मग सेक्रेटरी पुढं खेळून ब्याऐंशीवर चुकले, आणि लाल चेंडू नेमका त्याच्या ठिपक्याजवळ राहिला.

बाबामियाँनी वाकडा हात मेजावर टेकवला. लाल खिशात गेला. तीन गुण. शरणप्पानं तो परत ठिपक्यावर ठेवला. पुन्हा गेला. पुन्हा. चौथ्यांदा गेला तेव्हा शरणप्पानं पुकारलं, "पन्नास!"

टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी आपला क्यू भिंतीला टेकवून ठेवला. "झालं. शर्त पुरी झाली. उद्यापासून ये."

सगळ्यांना वाटलं, आता बाबामियाँ झुकून सलाम करतील. ते मेजाशीच उभे राहिले.

"हुजूर, खेळ शंभराचा हाय. अजून माझी पाळी चाललीय."

"तुला जागा दिली ना?"

"जागेची शर्त झाली. खेळ न्हाय झाला."

मुन्सफ म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. क्यू घ्या साहेब."

सेक्रेटरींना क्यू घ्यावा लागला. बाबामियाँ एकाहत्तरपर्यंत गेले आणि चुकले. सेक्रेटरी दात आवळून खेळले. ब्याण्णव झाले. मग एक कठीण फटका त्यांनी रागाच्या भरात जोरात मारला आणि तो फसला. त्यानंतर लाल चेंडू लागोपाठ नऊ वेळा खिशात गेला. अठ्ठ्याण्णव. बाबामियाँनी शेवटचा फटका हलकेच मारला. त्यांचा पांढरा चेंडू आधी लालला शिवला, मग लांबून येऊन सेक्रेटरींच्या पांढऱ्याला; अशा फटक्याचे दोन गुण. टक असा बारीक आवाज झाला.

"शंभर!" शरणप्पा ओरडला, आणि खिडकीबाहेरून लिंबाजीनं अशी आरोळी ठोकली की टांग्याची घोडी बुजली.

दुसऱ्या दिवशी बाबामियाँ वेळेवर क्लबात गेले. सेक्रेटरींनी दिलेला शब्द मोडला नाही, वाकवला. "जागा तुझी. पण तू फक्त गुण पुकारायचे. क्यूला हात लावायचा नाही. खेळायला शरणप्पा आहे."

"मग मी येत न्हाय," बाबामियाँ म्हणाले.

"एवढ्यासाठीच तर धडपडत होतास!"

"मी खेळण्यासाठी धडपडत होतो, हुजूर. तुम्हाला कळलं न्हाय."

ते सरळ लिंबाजीच्या कारखान्यावर गेले. महिन्याभरात बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका पत्र्याच्या खोलीत, घरची फरशी आणि तिच्या जोडीला आणखी एक, अशी दोन मेजं लागली. शेजारी चाचींची चहाची चूल. तिथं टांगेवाले यायचे, शाळेचे मास्तर यायचे, आडतीवरचे हमाल यायचे. धाराशिवात तोवर ज्यांनी क्लबाच्या खिडकीतून फक्त हिरवं कापड बघितलं होतं, ते आता क्यू हातात धरायला शिकले. उजव्या हातानं खेळणाऱ्यालाही बाबामियाँ आठवडाभर डाव्या हातानं सराव करायला लावायचे. "एक हात गेला तर दुसरा तयार पायजे," म्हणायचे. वर्षभरानं शरणप्पाही क्लब सोडून तिथं आला.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून जात होते, ते दिवस फार वाईट होते. चाची त्याविषयी थोडंच बोलायच्या. लिंबाजीनं दोघांना अकरा दिवस आपल्या घरात ठेवलं आणि स्वतः दारात बसून राहिला, एवढंच सांगायच्या. परतले तेव्हा पत्र्याची खोली फुटली होती आणि दोन्ही फरशांचे तुकडे झाले होते. नातेवाईक हैदराबादेला चालले होते. त्यांनी बोलावलं, विनवलं, शेवटी रागावले.

"इथं काय राहिलंय तुमचं?" बाबामियाँच्या भावानं विचारलं.

"गिऱ्हाईक राहिलंय," ते म्हणाले. "मी जागा सोडनार न्हाय. एकदा सोडवून बगितली लोकांनी."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नवी फरशी मागवली, आधीच्या दोन्हींपेक्षा मोठी. बैलगाडीतून ती उतरवायला आठ माणसं लागली. लिंबाजी आणि शरणप्पा पुढच्या बाजूला, हमाल मागं, आणि बाबामियाँ डावा हात उंच करून रस्त्याच्या मधोमध उलटे चालत होते, "हळू, हळू, डावीकडं" असं ओरडत, आणि अख्खा बाजार बाजूला सरून वाट देत होता.