‘सरी’ म्हणण्याआधी

आमच्या फ्रिजवर तीन याद्या असायच्या. एक भाजीची, एक घरकामांची आणि तिसरी ‘मुलीला विचारायचं’. मुलगी व्हाइटफील्डला राहायला गेली तेव्हा तिसरी सुरू झाली. आम्ही यशवंतपूरला, तिचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून तिने दोन मैत्रिणींबरोबर तिकडेच घर भाड्याने घेतलं. मी रविवारी फोन करायची, यादीतला एकेक प्रश्न विचारायची आणि पुढे खूण करायची.

“जेवणाचं काय करतेस?”

“सॉर्टेड.”

“घरमालक कसे आहेत?”

“एकदम चिल.”

“आणि ऑफिस?”

“भारी.”

“सरी,” मी म्हणायची. सरी म्हणजे ठीक. हा कन्नड शब्द आमच्या घरात इतका मुरलाय की तो मुळात आपला नाही हे कुणाला आठवतही नाही. भाजीवाल्या अक्कांना सरी, रिक्षावाल्याला सरी, नवऱ्यालाही सरी. चार मिनिटांत यादी संपायची. सगळ्या प्रश्नांपुढे खुणा, आणि तरी फोन ठेवल्यावर वाटायचं, आज तिने काय खाल्लं ते काही आपल्याला कळलं नाही.

हीच मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढताच सुरू व्हायची. “आई, आज काय झालं माहितेय?” मग व्हॅनच्या ड्रायव्हर अण्णांनी दोन पायांत दोन वेगळ्या चपला कशा घातल्या होत्या, मैत्रिणीची इडली खाली पडली तर तिने ती नळाखाली धुऊन कशी खाल्ली, हे सगळं व्हायचं. गणिताच्या पेपरात काय झालं ते अगदी शेवटी. मी पोळ्या लाटत असायची, डोळा घड्याळावर. “थोडक्यात सांग गं. मुद्द्याचं बोल.” रोज म्हणायची. तिला ते जमायला लागलं तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

गेल्या जानेवारीत तिचा मेसेज आला. “ऑफिसात थोडा सीन झालाय. चिल, बघतेय.” साहेबांशी काहीतरी खटकलं असेल, असं मी समजले. उत्तर लिहिलं, “सरी.” मग कामाला लागले. मन मात्र त्या ‘सीन’पाशी घुटमळत राहिलं. पुन्हा विचारलं असतं तर तिने ‘सॉर्टेड’ म्हटलं असतं आणि मला ते खरं मानावं लागलं असतं.

थंडीतल्या एका रविवारी आमच्याकडे अवरे सोलायचे असतात. अवरे म्हणजे वालाच्या जातीचे ओले दाणे. ते भिजवायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सुळकन बाहेर काढायचा. पातेलंभर दाण्यांना दोघींना दोन तास तरी लागतात. यंत्र नाही, दुसरा उपाय नाही. मेसेजनंतर दोनतीन आठवड्यांनी त्या रविवारासाठी ती आली, आम्ही समोरासमोर बसलो, आणि दाण्यांचे दोन ढीग करताना मला एक नियम सुचला. सीन, चिल, सॉर्टेड, भारी बंद. जी बोलेल तिने समोरच्या ढिगातली एक मूठ स्वतःच्या ढिगात घ्यायची.

“डन, मच्चा!” ती म्हणाली.

“मच्चा मित्रांना म्हणतात. आईला नाही. घे एक मूठ.”

“हा शब्द यादीत नव्हता! चीटिंग!”

“आता आहे.”

“मग तुझं सरीसुद्धा घाल यादीत.”

“सरी,” मी म्हटलं, आणि ती हसत हसत भिंतीला टेकली. तिच्या ढिगातली मूठ मी मुकाट्याने घेतली. पाऊण तासात माझा ढीग तिच्या दुप्पट झाला होता. शब्द तिचे जास्त आहेत, असं मी इतके दिवस समजत होते.

मग मी विचारलं, “ते ऑफिसातलं काय झालं होतं?”

“अगं, तो सीन...” ती थांबली. माझ्या ढिगातली एक मूठ ओढून घेतली. “म्हणजे, ते...” चारपाच दाणे सोलून झाले. मग खाली बघतच म्हणाली, “आमची टीम बंद केली, आई. तीन आठवडे झाले. मी घरीच बसून आहे.”

‘सरी’ माझ्या ओठांपर्यंत आलं. दुसरं काही यायची सवयच नव्हती.

“म्हण ना,” ती म्हणाली. “म्हणून टाक. तू सरी म्हटलंस की मला वाटतं, झाली हिची खूण करून.”

“नाही म्हणत. पहिल्यापासून सांग.”

“थोडक्यात?”

हा टोमणा मी गिळला. “नाही. लाव लांबण.”

तिने लावली. त्या सकाळी दारावर तिचं कार्ड चालेना. रोज हसून ‘ऊटा आयता?’, जेवलीस का, असं विचारणारे वॉचमन अण्णा वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करत राहिले, आणि त्यांच्या पेनाला टोपण तसंच होतं. शेवटी वरून बोलावणं आलं. लिफ्टमध्ये चौघं होते, चौघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते. निघताना तिच्या टेबलावरचं रोप तिथेच राहिलं. सांगता सांगता ती रडली, मग पेनाचं टोपण आठवून हसली. माझे दाणे संपले तरी मी रिकामी सालं चिमटीत दाबत बसले होते. नवरा दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेला. त्या दिवशी जेवायला तीन वाजले.

आता तिला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली आहे. आणखी लांब. मेसेज पुन्हा आखूड झालेत, “नवी टीम भारी” वगैरे. तिसरी यादी मी फ्रिजवरून काढून टाकली. आता उत्तरात फक्त “मग?” असं लिहिते आणि वाट बघते. कधी काहीच येत नाही. कधी अंगठा येतो.

यंदा तिला अवरेच्या रविवारी येता आलं नाही. मी एकटीच बसले, तरी सवयीने ढीग दोन केले. माझा संपत आला तेव्हा फोन वाजला.

“आई, घाईत आहेस?”

घड्याळात साडेबारा झाले होते. कुकर लावायचा होता.

“नाही गं,” मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाकला आणि तिचा ढीग पुढे ओढला.