दाराला पाठ टेकणारा मिस्त्री

आपण केलेल्या कामावर स्वतःचा जीव टाकायची तुमची तयारी आहे का?

गुंजवण्यातल्या आजाऱ्यांना भोरला नेणाऱ्या आमच्या जुन्या जीपचं मागचं दार लोंबलं होतं. ते खडखडायचं आणि खड्ड्यात चक्क उघडायचं. दुसऱ्या दिवशी दिवस भरलेल्या वहिनीला त्याच जीपमधून न्यायचं होतं. भोरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी बिजागरी बदलली, खटका जुळवला आणि त्याच दाराला पाठ टेकून ते आत बसले.

"चाचा, पडाल! पुढं या की," मी स्टिअरिंगवरून म्हणालो.

"मी पडंन म्हनतोस, आन वहिनीला बसवनार व्हय रं? हाण गाडी, खड्डा चुकवू नगंस."

खड्ड्यांतून फिरून आलो. दार गप्प होतं. चाचा धुळीने पांढरे होऊन उतरले. "आता आन तिला," म्हणाले.

तुमच्या वाडीचा रस्ता नीट झाला म्हणून जो साहेब सही करील, त्याला आधी जीपमध्ये मागे बसवून त्या रस्त्यावरून न्या.