बंबाचा मुका सेट

"कंट्रोल, कंट्रोल, बंब दोन बोलतोय, ओव्हर."

"बंब दोन, आवाज स्पष्ट आहे, ओव्हर."

केंद्रप्रमुख साहेबांनी माइक हुकाला अडकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं समाधान? सेट चालू आहे. माणूसच बोलला नाही."

आम्ही अग्निशमन केंद्राच्या आवारात उभे होतो. कंट्रोल रूम समोरच, मध्ये फक्त एक कडुनिंब. एवढ्या अंतरावर सेट हवाच कशाला, खिडकीतून हाक मारली तरी भागतं. पण साहेबांचा निकाल आधीच ठरला होता.

मी अमरावतीचा. गाड्यांमधले वायरलेस सेट दुरुस्त करतो. अकोला जिल्ह्यातल्या या केंद्राचं काम माझ्याकडे आहे. गाव कोणतं ते विचारू नका, मला तिथे अजून जावं लागतं.

झालं होतं असं. तेल्हारा रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. गजूभाऊ बंब घेऊन पोचला. एका टाकीत आवरणारी आग नव्हती, म्हणून त्याने सेटवरून दुसरा बंब मागितला. कंट्रोलला काही ऐकूच गेलं नाही. उलट तेच विचारत राहिले, बंब दोन, परिस्थिती सांगा. हा ओरडून सांगत होता आणि ते विचारत होते. टाकी संपली. गंजी गेली, शेड गेली, माणसं तेवढी वाचली. जिनिंगच्या मालकाने वरपर्यंत तक्रार केली आणि गजूभाऊला नोटीस आली. घटनास्थळावरून संपर्क केला नाही, तरी कामावरून कमी का करू नये?

गजूभाऊ कंत्राटी चालक. बंब चालवण्यात हयात गेली, पण कागदावर दरवर्षी नवा.

"मोबाईल नव्हता का?" मी त्याला विचारलं.

"होता ना. पण साहेबाईचाच हुकूम, बोलायचं ते सेटवरच. मंग शेवटी काढला, तं त्याले रेंज नाही." त्याचा आवाज बसला होता. "त्यायचा आवाज मले साफ येऊन राह्यला होता, अन्वरभाई. माहाच जात नव्हता. पण हे कोनाले पटते?"

मला पटलं. कारण असं होतं, आणि नेमकं असंच होतं.

सेटला ऐकायला फारशी ताकद लागत नाही. बोलायला लागते, आणि ती अँटेनातून बाहेर पडावी लागते. अँटेनाच्या वाटेत अडथळा असला की ताकद माघारी सेटमध्ये येते. सेट शहाणा. स्वतः जळू नये म्हणून आपला आवाज कमी करतो, म्हणजे माणसासारखाच आधी स्वतःला वाचवतो. मग आवारात सगळं ठीक वाटतं आणि दूर गेलं की मुका. शेजारच्याशी हळू बोललं तरी चालतं, शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाकच मारावी लागते.

हे सगळं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "उद्या अहवाल द्या. सेट ओके असेल तर ओके लिहा. लेक्चर नको."

म्हणजे मी ओके लिहिलं की गजूभाऊ घरी.

सेट काढून टेबलावर तपासला. ओके. बॅटरी ओके. इंजिन चालू ठेवून पाहिलं, तेही ओके. इतके ओके पाहून मलाच धडकी भरायला लागली. मग सेट आणि अँटेनाच्या मध्ये मीटर लावला. किती ताकद बाहेर जाते आणि किती परत येते, ते हा मीटर दाखवतो. माइकचं बटण दाबलं, तर निम्म्याहून जास्त परत. दोष पाहून एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

केबल बदलली, फरक नाही. वरची अँटेनाची काडी बदलली, फरक नाही. उरला बेस. पुढच्या मडगार्डला भोक पाडून बसवलेली वाटीएवढी बैठक, तिच्यात काडी उभी राहते. वरून ती लखलखीत होती. पोळ्याला बैल धुवावा तसा गजूभाऊ रोज बंब पुसायचा. बेसला कुठून हात घालावा म्हणून वाकलो, तेव्हा मुंग्यांची रांग दिसली. बंपरवरून मडगार्डवर आणि तिथून थेट बेसच्या रबराखाली. वायरलेसमध्ये मुंग्यांना कसली गोडी?

बेस उघडला. आत तपकिरी चिकट लगदा, पितळेवर हिरवा गंज आणि मेलेल्या मुंग्या.

"गजूभाऊ, इथे चहा कोणी सांडला?"

"चहा कायले सांडन? नारळाचं पानी असन. दर अवसेले फोडतो ना मी. थोडं पानी मडगार्डवर सोडतो, बंबाले नजर लागू नाही म्हणून."

मला ते माहीत असायला हवं होतं. अमावास्येला कधी गेलो की तो माझ्याही हातावर खोबरं ठेवायचा, आणि मी ते आवडीने खायचो.

नवा बेस बसवला. मीटरचा काटा परत येणाऱ्या ताकदीसाठी जेमतेम हलला. पाणी भरायच्या फेरीला बंब बार्शीटाकळीच्या अंगाला गेला, तिथून गजूभाऊचा आवाज कंट्रोलला खणखणीत आला. परत आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले. "वाचवलं तुमी," म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

जुना बेस घेऊन आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, बेस उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे माणूस बोलत होता, पण नारळाच्या पाण्यामुळे आवाज गेला नाही."

"बरोबर, साहेब."

"नारळ कोणी फोडला?"

मी तोंड उघडायच्या आत गजूभाऊ बोलला, तेही अभिमानाने. "म्याच, साहेब. दर अवसेले. पदरचा."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. चालकाच्या कृत्यामुळे केंद्राच्या साहित्याचं नुकसान आणि त्यामुळे संपर्क तुटला."

"साहेब, दसऱ्याला याच बंबावर तुम्ही स्वतः फोडला होता," मी म्हणालो.

"तो कार्यक्रम होता."

पुढे मी काय बोललो ते आठवत नाही. उपयोग झाला नाही, हे आठवतं. आधी निदान संशय तरी होता, आता पुरावा होता, आणि तो मीच पुसून-पासून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. फाटकापाशी गजूभाऊ थांबला. चिडला नव्हता, चिडला असता तर बरं झालं असतं.

"अन्वरभाई, तुमी ते शोधलंच काहून?"



नंतर दुसऱ्या एका सेटसाठी त्या केंद्रात गेलो. बंब दोनवर नवा चालक रुजू होत होता. बंबाला झेंडूचा हार होता आणि पुढचं मडगार्ड ओलं होतं. नारळ साहेबांनीच फोडला होता. त्यांनी हसून माझ्यापुढे खोबरं धरलं. मी घेतलं नाही. खाली वाकून बेसची फट बंद आहे का ते पाहिलं, आणि कामाला लागलो.

या धंद्यात मी एवढंच शिकलो. दोष शोधणं सोपं आहे. पण सापडलेला दोष सेटच्या नावावर राहत नाही, तो कोणातरी माणसाच्या नावावर चढतो.